सहाचा मिस्ड कॉल

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

ओळखलं काय मले? नाही ओळखलं. मागच्या पावसात छत गळलं, तुही अर्धी पानं धुऊन निघाली, अन मी दोन वर्षं सांगितलेलं सारं तू विसरून बसली. मी बहात्तर वर्षांची. माह्या लग्नात कोण कोणाच्या ताटावरून रुसून उठलं ते मले आजही आठवते. तू तीन वर्षांची नाही, अन कोरीच्या कोरी! तुह्यापेक्षा माही शेळी बरी, वही, तिले निदान घर त सापडते.

म्हणून पुन्हा सांगते. मी रामीबाई. दारव्ह्याच्या अलीकडचा तांडा. मले अक्षर येत नाही. मी बोलते अन माही सून सुखी लिहिते, ती पाचवी शिकलेली. माहा पोरगा संजय दारव्ह्याच्या रस्त्यावर जीप चालवते. त्याची पोरगी अंजू बंगलोरले नोकरीवर. नोकरी कायची, ते उद्या. आज सुखीचा हात दुखून राह्यला.

हात काहून दुखते ते मी सांगितलं. सुखी म्हणते, हे लिहीत नाही. लिही. नवऱ्यानं पिरगाळला.

लिहिलं.

१३ नोव्हेंबर

अंजूचं काम. दिवाळीत आलती तेव्हा चुलीपाशी बसून तिनं समजावलं. मी समजल्यासारखी मान हालवली, मंग पुन्हा विचारलं, मंग खरंच समजलं.

वर आभाळात जे उपग्रह फिरतात, त्यायच्या पोटात मेंदू राह्यते. नखाएवढा. मायक्रोकंट्रोलर. (सुखीनं तीनदा खोडलं तेव्हा हे जमलं.) कुठं वळायचं, किती तापलं, बॅटरी किती उरली, सारं तोच पाहते. आपल्या फोनमधी, मिक्सरमधी त्याचेच भाऊबंद आहेत, पण ते वर टिकत नाही. वर अंगावर हवेची गोधडी नाही. सूर्यातून, कुठल्या कुठल्या ताऱ्यातून बारीक कण येतात, अन त्या मेंदूले मारतात. आवाज नाही, वळ नाही. एक कण नेमका बसला की आतल्या होयचं नाही होऊन जाते. कधी एका दणक्यात आतून करंट सुटते अन सारं जळून जाते. म्हणून वरचे मेंदू वेगळे बनवतात, मार सोसणारे. अन ते खरंच किती सोसतात, हे पाहाचं काम माह्या नातीचं.

मी म्हटलं, म्हणजे तू मारते त्यायले.

म्हणे, हो दादी. कोबाल्टच्या खोलीत ठेवून किरणं सोडते. पास होईपर्यंत नाही, मरेपर्यंत. एका चकतीवर शेकड्यानं बनतात. त्यातले दहा मारायचे. किती मार खाऊन मेले ते लिहायचं. मंग बाकीच्या भावंडायले वर जाऊ द्यायचं.

सुखी चूल फुंकत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली अन पोरीकडं पाहत राह्यली. एक मरते, तेव्हा दुसरी उडते. मले समजलं ती काय पाहून राह्यली ते. अंजूले बी समजलं असन. 

१४ नोव्हेंबर

मेलेला एक मेंदू अंजूनं मले आणून देला. खाली दगडी चौकट, वर सोन्याचं झाकण, टिकलीपेक्षा थोडा मोठा. मी तो ओढणीवर आरशायच्या मधात शिवून टाकला. गावातली अंगणवाडीवाली शकुबाई म्हणे, रामीबाई, याच्यातून किरणं निघतीन, पाठ जळन तुही. अंजू हसली. म्हणे, याच्यात काही उरत नाही. अशा किरणांचा मार खाल्लेला दुसऱ्याले मारत नाही.

बरं आहे त्यायचं. माह्या नवऱ्यानं, रूपसिंगनं, संजयले लहानपणी बैलाच्या दोरानं मारलं. रूपसिंग जाऊन वीस वर्षं झाली. दोर अजून चालूच आहे.

हेही सुखी लिहीत नव्हती. मी म्हटलं, वही माही आहे, हात फक्त तुहा.

१५ नोव्हेंबर

आणखी एक गंमत. मेंदूत एकच हिशोब तीन ठिकाणी करतात. एकाले कण लागला अन तो येडं बोलला, त बाकीच्या दोघायचं ऐकायचं. मी म्हटलं, ही त तांड्याची पंचायत झाली. आमचे बी तीनच आहेत – नायक, कारभारी अन तिसरा नायकाचा साळा. फक्त आमचे तिघं एकाच बाटलीतून पितात, म्हणून तिघायले कण एकाच वेळी लागते.

अंजू इतकी हसली की तिले ठसका लागला. मंग गंभीर झाली. म्हणे, दादी, तिघं एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात. तेच कठीण आहे.

१६ नोव्हेंबर

हे कामाचं. विसरू नको, वही.

त्या मेंदूजवळ एक पहारेकरी ठेवलेला असते. अंजूचे लोक त्याले कुत्रा म्हणतात. मेंदूनं त्याले घडीघडी थोपटायचं – मी शुद्धीत आहे. थोपटणं थांबलं की कुत्रा समजून घेते, मालक बेशुद्ध पडला. मंग तो सारं बंद करून पहिल्यापासून चालू करते.

जाताना अंजूनं तसाच कुत्रा आमच्या घरी बांधला. आपला जुना मोबाईल देऊन गेली. तो ज्वारीच्या कणगीत राह्यते, संजयले माहीत नाही. रोज सांजच्याला सहा वाजता सुखीनं सेवालालच्या देवळामागं टेकडीवर जायचं, रेंज तिथंच येते, अन एक मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला म्हणजे याडी, तिची माय, धड आहे. साडेसहापर्यंत नाही आला त अंजू धरमसिंग नायकाले फोन करन, शकुबाईले करन, लागलं त पोलिसात करन.

मले अक्षर येत नाही, पण हिरवं बटन येते. दोनदा दाबलं की शेवटच्या नंबरवर लागते. मले पाहून अंजू बोट दाखवून म्हणे, "याडीनंच द्यायचा. दुसऱ्या कोणी नाही."

१८ नोव्हेंबर

कापूस वेचला. कॉल देला. आज कोणी मारलं नाही.

२१ नोव्हेंबर

कापसाच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग आला. पानं लाल, बोंडं अर्धी उमलून अडकली. वेचताना बोटं सोलतात, हाती काही लागत नाही. साऱ्या पट्ट्यात हेच. लोक बाजारालेच जात नाही त जीपमधी कोण बसन? संजय रिकामा येते अन भरलेला फिरते – बाटलीनं. सकाळी सुखीच्या अंगावर उकळता चहा फेकला, साखर कमी म्हणून. मानेवर फोड आले. कोरफड लावली.

मागच्या वर्षी तिचे दोन दात गेले, तेव्हा नायकानं मले विचारलं होतं. मी म्हटलं, बैलानं मारलं. आमच्याकडं बैल नव्हता, विकला होता. नायकालेही माहीत होतं. तो म्हणे, बरं.

हे सांगताना मी सुखीच्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती लिहीत राह्यली.

२६ नोव्हेंबर, सोमवार

आज कॉल देल्यावर अंजूचा उलटा फोन आला. तिची मोठी तपासणी सुरू झाली. पाच दिवस. मधात उठता येत नाही. कारण असं, की मार खाल्लेला मेंदू नुसता पडू देला त आपला आपण थोडा बरा होते. मंग किती मार बसला ते खरं कळत नाही. म्हणून खोलीतून काढला की लगेच मोजायचा, घड्याळ लावून.

सुखी मले म्हणे, याडी, बायाले बी असंच लगेच मोजलं पाहिजे. माहेरी पोचेपर्यंत वळ उतरून जातात, अन भाऊ म्हणते, कुठं काय आहे?

अन हसली! तोंडावर पदर घेऊन. दातायच्या जागेमुळे आता ती तसंच हसते.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

आज शकुबाई लिहून राह्यली. तिचं अक्षर पाटीवरचं, मोठं. वही, तुही पानं लवकर संपतीन.

मंगळवारी दारव्ह्याले कापूस घेणाऱ्यायनं गाड्या परत पाठवल्या. लोकायनं दगडं फेकली. पोलिसायनं लाठ्या चालवल्या. एकाचं डोकं फुटलं, ट्रॅक्टरची ट्रॉली जाळली. संजयची जीप उगीच तिथं उभी होती, समोरची काच गेली. तो दुपारी घरी आला तेव्हा त्याच्या केसायत काचेचा चुरा होता. हातात टामी होती, चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी.

सुखीनं विचारलं, लागलं काय तुमाले?

एवढंच विचारलं. पहिली टामी कमरेत बसली. ती पडली. मंग बरगड्यायवर. मी मधात गेली, त मले कोपरानं ढकललं, मी रांजणावर जाऊन पडली. तो मारत होता अन मोजत होता. एक. दोन. कायचं मोजत होता कोण जाणे. नवापर्यंत मी ऐकलं. मंग तो बाहेर जाऊन नळावर तोंड धुवायले लागला, कामावरून आल्यासारखं. अन निघून गेला.

सुखी उठू शकत नव्हती. श्वास घेतला की कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज येत होता. म्हणे, याडी, सहा वाजले काय?

मी म्हटलं, तू पड. मी पाहते.

अन मी टेकडीवर गेली. हिरवं बटन दोनदा दाबलं. एक रिंग गेली, कापला. मनात म्हटलं, पोरीची तपासणी चालू आहे, ती सोडून येईन, नोकरी जाईन, तिच्या त्या दहा मेंदूयचं मरण वाया जाईन. केवढी शहाणी मी! हळद पाजली, कमरेले फडकं बांधलं. बुधवारी पुन्हा गेली. गुरुवारी पुन्हा गेली. तिन्ही दिवस बरोबर सहाले कॉल. बंगलोरमधी अंजू तीन दिवस निवांत झोपली.

आज सकाळी सुखीले लघवीतून रक्त गेलं. शकुबाई अंगणवाडीचा खाऊ द्यायले आलती, तिनं पाहिलं. ती मले काय बोलली ते ती स्वतः लिहीत नाही. मी म्हटलं, लिही. नाही लिहिलं. तिनंच अंजूले फोन केला, दुसरी जीप बोलावली, सुखीले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत्ता परत आली. दोन बरगड्या मोडल्या, मूत्रपिंडाले मार आहे. डॉक्टर म्हणे, आणखी एक दिवस गेला असता त माणूस गेलं असतं.

१ डिसेंबर

अंजू निघाली. मी जेवली नाही.

३ डिसेंबर, सोमवार

अंजू आधी दवाखान्यात गेली, मंग इथं आली. बॅग खांद्यावरच. मले वाटलं ओरडन. ओरडली नाही. खाटेवर बसली अन म्हणे, दादी, नव्या पोरायले आम्ही पहिल्याच आठवड्यात एक चूक दाखवतो. कुत्र्याले थोपटायचं काम मेंदूच्या मुख्य कामालेच द्यायचं, बाजूच्या घड्याळाले नाही. घड्याळाले देलं की मेंदू मरून पडते, घड्याळ थोपटत राह्यते, अन कुत्र्याले वाटते, सारं ठीक आहे.

मंग म्हणे, "तीन दिवस मले वाटलं, याडी चालत टेकडीवर गेली."

मी म्हटलं, तुही तपासणी होती ना बाई.

ती म्हणे, ती दुसऱ्यानं मोजली असती. आता बी दुसरंच कोणी मोजून राह्यलं.

शकुबाई, हे पुढचं लिही अन मंग विसर. तपासणी हे अर्धंच कारण होतं. अंजूले कळलं असतं त पोलिस आले असते, अन संजयले नेलं असतं. टेकडी चढताना माह्या डोक्यात सुखी नव्हती. माहा पोरगा होता. त्याले बेड्या घातल्या त कसा दिसन, हे होतं. अंजूले हे सांगितलं नाही. तुले सांगितलं, वही. तू तशीही विसरते.

४ डिसेंबर

अंजूले पोलिसात जायचं आहे. दवाखान्याचा कागद तिनं घेऊन ठेवला, वळ असतानाचा. धरमसिंग नायक म्हणे, आधी तांड्यात बसू, घरातली गोष्ट. उद्या सकाळी पंचायत. संजयले निरोप गेला.

५ डिसेंबर, बुधवार

आज अंजू लिहून राह्यली, डाव्या हातानं. उजव्याले पट्टी आहे. अक्षर कोंबड्या नाचल्यासारखं. एवढं इंजिनिअर होऊन!

सकाळी लिंबाखाली बसले सारे. संजय दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला. नायकानं विचारलं, मारलं काय? तो म्हणे, नाही, पडली. नायक माह्याकडं वळला. मागच्या वर्षीसारखाच, उत्तर माहीत असल्यासारखा.

मी म्हटलं, मारलं. टामीनं. नवापर्यंत मी मोजलं, पुढचं मोजता नाही आलं. अन मागच्या वर्षी बैल नव्हता.

 खोकणारा एक म्हातारा मधातच थांबला. मंग तिघं आपसात कुजबुजले अन नायक म्हणे, संजयनं बायकोची माफी मागावी, तांड्याले जेवण द्यावं, झालं. अंजू उठली. म्हणे, तुमचं झालं असन. मी याडीले घेऊन बंगलोरले जाते, अन जायच्या आधी ठाण्यात जाते. अन घरी येऊन सुखीचे कपडे भरायले लागली.

मी अंगणात पाट्यावर लाल मिरची वाटत होती. अंजूनं सकाळपासून खाल्लं नव्हतं, म्हटलं भाकरीसंग चटणी करू.

संजय आला. टामी घेऊन. आधी अंजूचा मोबाईल दगडावर ठेचला. कणगीतल्या फोनची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. मंग तिले म्हणे, माह्या घरात कुत्रं बांधते? तिनं हात वर केला अन टामी मनगटावर बसली. मोडल्याचा आवाज मी ओळखते, सुक्या पऱ्हाटीसारखा. ती भिंतीले टेकून खाली सरकली. त्यानं पुन्हा उचलली. यावेळी तो तिच्या डोक्याकडं पाहत होता.

वरवंटा माह्या हातातच होता. मी उठली कशी, मले माहीत नाही, माहे गुडघे तर हागायले बसतानाही कुरकुर करतात. अंजू म्हणे, दादी, हे लिहू काय? लिही. मागून मारला. कानाच्या वर. दोन्ही हातानं.

तो वळला. माह्याकडं पाहिलं.

"याडी, तू?"

"हो. मी."

मंग तो खाली बसला, जेवायले बसते तसा, मांडी घालून. मिरचीचं कुठलं अन रक्ताचं कुठलं ते दिसत नव्हतं. टामी त्यानं स्वतःच बाजूले ठेवली. पाणी मागितलं. मी तांब्या धरला, पाजलं. त्याच्याच फुटक्या काचेच्या जीपमधी पोरायनं त्याले यवतमाळले नेलं. खांद्यावर हात टाकून का होईना, पण आपल्या पायानं गेला. माह्याकडं वळून पाहत नव्हता.

अंजूनं मले जवळ घेतलं. पहिल्यांदा मले वाटलं की आता सारं नीट होईन. डोकं बापासारखं टणक आहे त्याचं. चार टाके पडतीन. परत येईन, मले शिव्या देईन. पण त्या दोघीवर हात टाकणार नाही. त्याच्या मनात आता एक म्हातारी उभी राह्यन, वरवंटा घेऊन.

७ डिसेंबर, शुक्रवार

आज विमलताई लिहून राह्यली. खाकी कपड्यातली बाई, मले ठेवलं त्या ठाण्यातली. माहं बयान तिनंच लिहिलं, अंगठा घेतला. मंग मी म्हटलं, आता माही वही बी लिहून दे.

संजय काल दुपारी गेला. डोक्यात आत रक्त साचत होतं म्हणतात, बाहेरून काही दिसत नव्हतं. माह्याच हातानं गेला. मी तसंच सांगितलं. शब्द बदलला नाही.

उद्या तिसरा दिवस. अंजू, लापशी शकुबाईले करायले सांग, सुखी घरी आली तरी तिले नको, तिच्यानं वाकवत नाही. गूळ जास्त घालायचा, त्याले कमी गोड कधीच चाललं नाही. त्याच्या नावाचा घास बाहेर ठेवा. उरलेली डब्यात घालून मले इथं धाडा, झाकण घट्ट लावून.